फिरतंय, पण ठोकत नाही

उत्तरेश्वर पेठेत, सासनेबाईंच्या स्वयंपाकघरात
पाण्याच्या फिल्टरला चार भोकं पाडायची होती.
तीन पडली.
चौथ्याला बिट अर्ध्या इंचावर नुसतं फिरत बसलं,
टोक निळं पडलं, करपल्यासारखा वास सुटला.
मी अंगाचा भार टाकला. सत्तर किलो.
भिंत म्हणाली, बरं.

बाई दारात, पदर नाकाला.
"मिक्सरवर टॉवेल टाक म्हटलं होतं मी."
हो म्हणालो. बिट काढलं, पुसलं,
खटका पाहिला, हातोड्याच्या चित्रावर होता.
उलटंही फिरत नव्हतं. ती चूक
माझी करून झालीय, ताराबाई पार्कात,
अख्खी दुपार, मालकासमोर.

मग मशीन पोत्यात, पोतं गाडीच्या हुकाला,
आणि उद्यमनगर.
बाबालाल मुल्लाणींचं दुकान; दुकान कसलं,
जिन्याखालची जागा आणि एक बल्ब.
समोर लेथ किंचाळतेय, शेजारी फौंड्रीची काळी वाळू,
चाचांना त्यातलं काहीच ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं हेच ऐकलं, म्हणून येत नाही.

"फिरतंय, पण ठोकत नाही!" मी ओरडलो.
चहावाला वळला. चाचा नाही वळले.
त्यांनी मशीन घेतलं, चालू केलं,
पोटाशी धरून डोळे मिटले,
तळहात गिअरबॉक्सवर,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"कार्बन हाय अजून. पिस्टनचं रबर गेलंय.
हवाच धरत न्हाई, तर ठोका कशाचा बसंल?"

चार स्क्रू. डांबर झालेलं ग्रीस.
त्यातून करंगळीवर निघाली एक रिंग,
बाहुलीच्या बांगडीएवढी, चिरलेली.
वीस रुपये.
वीस रुपयांच्या कामाला मी
सत्तर किलो लावत होतो.

चाचांनी माझा तळवा उलटा करून फोड पाहिला.
"जोर लावायला कुणी सांगितलं रं तुला?
तू निस्तं सरळ धर. ठोकायचं काम त्येचं हाय.
आन् मधनंमधनं भायेर काढत जा,
धूळ आत ऱ्हायली की बिट मरतंय."
निघताना कापसाचे दोन बोळे दिले.
स्वतःच्या कानाकडे बोट केलं, हसले.

परत सासनेबाईंकडे. चौथं भोक.
कापूस कानात.
धूळ आधी पांढरी, मग विटेची लाल,
मग राखाडी: आत काळा दगड होता,
या गावात कुठल्या भिंतीत कुठं निघेल, सांगता येत नाही.
मी जोर लावला नाही. (थोडा लावला. सवय.)
आवाज लांब कुठंतरी, शेजारच्या गल्लीत चालल्यासारखा,
आणि मनगटात मात्र ठोका,
एकेक, मोजता येईल असा.

फिशर आत गेला, सुतासारखा.
मागं वळलो तर बाई काहीतरी बोलत होत्या,
ओठ हलत होते, हात हलत होते,
बोट मिक्सरकडे होतं.
टॉवेल माझ्याच खांद्यावर राहिला होता.