चौरस सतरा

चोपड्याहून वर, डांबर संपतं तिथून
अडीच तास चढून
आम्ही दोरी ताणतो : वीस मीटर, काटकोन, पुन्हा वीस.
चार कोपऱ्यांचे चार खुंट,
त्यातला एक कुणाच्या तरी चुलीत गेलेला.
हरकत नाही. दगडाला चुना फासून भागतं.

सहा वर्षांपूर्वी मीच ठोकली होती इथे
अंजनाच्या खोडात ॲल्युमिनियमची टिकली,
क्रमांक एकशे बारा.
आज सालीवर फक्त एक मिटलेला ओठ.
आत धातू असेल, धातूवर आकडा असेल.
झाडानं स्वतःचं काही न सांगता
आमचं सांगणं गिळून टाकलंय.

टेप छातीच्या उंचीवर, एक मीटर सदतीस.
माझ्या छातीच्या नव्हे,
कागदावरच्या कुणा सरासरी माणसाच्या.
सुभान तडवी टेप धरतो, मी वाचते, मीच लिहिते.
अंजन, एकशे चार.
अंजन, सत्त्याण्णव, शेंडा चाऱ्यासाठी छाटलेला.
सालई, एकशे एकवीस, डिंकाच्या जुन्या जखमा तीन.
धावडा, त्रेसष्ट.
धावडा, मेलेला, उभा.

मग उकिडवं बसून मीटरभर चौकटीत रोपं मोजायची.
सालई शून्य. अंजन शून्य.
मागल्या खेपेला शून्य, त्याआधी शून्य.
धुळ्याच्या कचेरीत ही शून्यं जोडून एक रेघ होते,
रेघेवरून ठराव, ठरावावरून खड्डे.
पलीकडच्या उतारावर दिसतात ते अजून,
ओळीनं, कवायतीला उभे केल्यासारखे,
आत पावसाळ्याचा गाळ
आणि रोपं नसलेल्या काळ्या पिशव्या.

"वर काय दखी राहिनात," सुभान म्हणाला, "खाले दखा."

त्याच्या कोयत्याच्या टोकाशी
करंगळीएवढं काळं थोटूक, वणव्यातलं.
मी ते काडी समजून ओलांडलं होतं.
काड्यांसाठी तक्त्यात रकाना नाही.

त्यानं उकरलं. मुरूम, मग लाल माती, पुन्हा मुरूम.
कोपरापर्यंत हात गेला तरी मूळ संपेना,
माझ्या मनगटाहून थोडंसंच बारीक,
ओलं.
दर चैत्रात जळतं,
दर आषाढात जोडीची दोन पानं काढतं, खुरांसारखी,
ती शेळी खाते,
आणि हे खाली आणखी बोटभर सरकतं.
"किती वर्षांचं?"
"मन्ही शबनूर झायी तवयपासून दखस."
शबनूर यंदा बारावीला आहे.

मग मी पोटावर झोपून शोधलं.
सगळ्या चौकटी धरून सत्तावीस.
सहा वर्षं मी यांच्यावरच बूट रोवून
शून्य लिहीत होते,
अक्षर चांगलं काढून.

माती परत ढकलली. बाटलीतलं पाणी ओतायला गेले
तर सुभाननं हात धरला.
"नको. सवय लागेल त्याले."

रात्री शाळेच्या पडवीत गावसभा.
मी म्हटलं, खड्डे नकोत, रोपं नकोत,
फक्त होळीआधी पाच हात रुंद पट्टा झाडून ठेवू, आग अडेल,
आणि तीन वर्षं या उतारावर चराई बंद.
भुरकीबाई बारेला मागून म्हणाल्या,
"मग आमच्या शेळ्या काय तुमचा कागद खातील?"
लोक हसले. मीही.
साठ शेळ्या, एक उतार, तीन उन्हाळे :
हे गणित मला कुणी शिकवलेलं नाही.
पट्ट्याला मात्र अकरा जण तयार झाले,
चराईचं पुढच्या अमावास्येला बघू म्हणाले.

खाली मैदानात केळीच्या बागांमध्ये
पंपांचे दिवे लागले होते,
आणि त्यापलीकडे तापी असावी, अंधार जास्त होता तिथे.
कंदिलाजवळ तक्ता उघडला.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
शून्य खोडून सत्तावीस लिहिलं.
मग तेही खोडलं.
सव्वीस.
एक आम्ही उकरलं.