मलपृष्ठासाठी ऐंशी शब्द

प्रकाशकांकडच्या मुलीचा फोन आला. ताई,
परिचय पाठवा, ऐंशी शब्द, तृतीयपुरुषी,
उद्या सकाळपर्यंत. आणि एक फोटो, शक्यतो हसरा.

मी तेव्हा चोपडा रोडच्या भुईकाट्यावर,
अमळनेर मागे सोडलं की डाव्या हाताला,
काचेपलीकडे सरकीच्या गाड्या रांगेत.
पावतीच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.
पुस्तकही तसंच झालंय, पावत्यांच्या पाठीवर.
कार्बन उलटा लागल्यानं दोन गोष्टी तर
आरशात बघून उतरवून काढाव्या लागल्या.
हे सांगावं का? की ऐट वाटेल?

जन्म एक जून.
तसे आमच्या वर्गात एकवीस जण एक जूनचे,
हेडमास्तरांच्या एकाच दुपारी जन्मलेले.
माय म्हणते, दादर कापाले उनी व्हती तवय.
म्हणजे माघ धरा, नाहीतर फाल्गुन.
राहू दे एक जूनच.

मधलं नाव झुलाल, वडिलांचं.
तेरा वर्षं तिथे दुसरं होतं.
रेशनकार्डावर अजून आहे, बँकेत निम्मं बदललंय.
पुस्तकावर नुसतं रत्ना शिरसाठ.
छान दिसतं, मुलगी म्हणाली, सुटसुटीत.
सुटसुटीत.

पुरस्कार: तालुका निबंध स्पर्धा, स्टीलचा डबा.
झाकण कधीच बसलं नाही. टाचण्या ठेवते त्यात.

'खासगी क्षेत्रात कार्यरत' असं लिहिलं आणि
माझं मलाच हसू आलं. खोडलं.
भरल्या गाडीचं वजन, वजा रिकाम्या गाडीचं,
उरेल तो माल: एवढंच तर करते मी दिवसभर.
यातली एक चोरी मात्र जुनी आहे.
भरली गाडी तोलताना क्लीनर कॅबिनमध्ये बसून राहतो,
रिकामी तोलताना आधीच उतरून चहा पीत असतो.
सरकीच्या भावात एक माणूस विकला जातो.
म्हणून मी प्रत्येक गाडीत वाकून बघते.
पगार त्याचाच आहे.

चारच्या सुमाराला उधन्याची गाडी लागली.
भावलालनं काचेतून डोकं घातलं,
काय लिखी ऱ्हायनी वं बाई?
म्हटलं, मी कोन शे ते.
ते लिखनं पडस का? तो म्हणाला
आणि बाटली भरायला माठाकडे गेला.

कॅबिनमध्ये पोरगं झोपलेलं.
पंधरा-सोळाचं, तोंडावर मफलर,
एक चप्पल पायात, एक गिअरजवळ.
सकाळी रिकामी गाडी तोलली तेव्हा
हेच खाली उभं राहून पाव खात होतं.

हितेश आता एवढा असेल.
उधन्यालाच, त्याच्या बापाकडे.
तीन वर्षांत दोन फोन, त्यातला एक चुकून लागलेला.
तो परिचयात घ्यायचा नाही, हे मी
फोन ठेवतानाच ठरवून टाकलं होतं.
पुस्तकातल्या एकाही गोष्टीत मुलगा नाही,
तेही आपोआप झालेलं नाही.

दारावर थाप मारायला हात उचलला,
नियमाप्रमाणे.
पत्रा तापलेला होता.
आत मफलर श्वासाबरोबर वरखाली.

परत आले. आकडा थरथरला, थांबला. छापला.
चाळीस-पंचेचाळीस किलो इकडचे तिकडे.
सतरा वर्षांत पहिल्यांदा.
भावलालनं पावती न बघता खिशात कोंबली.
गाडी फाट्याला वळेपर्यंत मी उभी होते,
मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

रात्री शब्द मोजले.
'एक मुलगा' धरून ब्याऐंशी.

'साहित्याची आवड' काढलं.
फोटो ओळखपत्रावरचाच पाठवला.