जादा खिळा

आर्ब्रोथच्या बंदराजवळ, धुरी दिलेल्या माशांच्या वासात,
दुसऱ्या मजल्यावर मिस ओगिल्वी पुठ्ठ्याचं कार्ड धरते.
"टेबलावर बोट आपटा, मिस्टर स्टरॉक.
एका ठोक्याला एक तुकडा."

इर्-रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी.
सात ठोके बरोब्बर.
तोंडातून मात्र नुसतं "टी… टी…"
आणि ती चुकून किटलीकडे बघते.

चाळीस वर्षं ह्याच बोटांनी
साप्ताहिकाच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले,
उलटी अक्षरं, नुसत्या स्पर्शाने ओळखू येणारी.
कॉलम अरुंद, शब्द लांबलचक,
कुठे तोडायचा ते हाच ठरवणार.
"आधी कानाने तोड," म्हातारा फोरमन म्हणे,
"मग मुळाला विचार.
दोघांचं पटलं नाही
तर अख्खा शब्द खाली ढकल."

नगरपालिकेवरच्या अग्रलेखात हाच शब्द आला होता.
तेव्हा त्याने तो खिळ्याखिळ्याने उकलून पाहिला:
पुढे चिकटलेला नकार,
मागे 'होण्याजोगं', त्याच्याही मागे 'पणा',
आणि एवढ्या गोतावळ्यात मधोमध
एवढासा जबाब.
आपल्या बेजबाबदारपणातही तो तिथेच असतो,
चेपून बसलेला.

पक्षाघातानंतर
उपसर्ग येतात कधीमधी, प्रत्यय येतात,
जबाब येत नाही.

संयोगचिन्हांचा कप्पा शुक्रवारी हमखास रिकामा व्हायचा,
म्हणून एक जादा खिळा
तो वेस्टकोटाच्या खिशात ठेवी.
बायकोने धुण्यातून तो दोनदा वाचवला.

बायको दाराशी बसलीय. सगळं गाव तिला एफी म्हणतं.
दोनच तुकडे. सोपं.
तेच येत नाही.

वेळ संपते. मिस ओगिल्वी कार्डांना रबर लावते.
तेवढ्यात बोट आपटतं, कुणी न सांगता.
"यु."
"फी."
लग्नाच्या नोंदवहीनंतर हे नाव
कुणी पुरतं उच्चारलेलं नाही.
"मि…"

आणि अडतो. नियम आठवला असावा:
शेवटचं अक्षर एकटं
खालच्या ओळीत पाठवायचं नाही.
मागे येतो. श्वास घेतो. बोट नव्याने टेकवतो.

"युफी-

पर्स सावरत ती अर्धवट उठलेली, तशीच थबकते

-मिया."