चोवीस वाव

यंत्र सेकंडहँड.
पलीकडच्या उपसागरातल्या एका बाईकडून घेतलं,
शंभर डॉलर आणि दोन बरण्या बेकॲपलच्या जॅमच्या बदल्यात.
काच ओरखडलेली, केबल मात्र अखंड.
‘चालतं म्हणे,’ ती म्हणाली, ‘मी कधी लावून पाहिलं नाही.’

होडी ठोकळ्यांवर. न्यूफाउंडलंडचा उत्तर किनारा, जूनअखेर,
तरी खाडीच्या तोंडाशी एक हिमनग अडकून बसलाय
उपटलेल्या दाढेसारखा.
माझे सासरे, ॲम्ब्रोज, पालथ्या बादलीवर.
‘भोक पाडणार? पाण्याच्या रेषेखाली?’
असं विचारतात, जसं काही ड्रिलचं टोक
मी त्यांच्याच बरगडीवर टेकवलंय.

म्हणून मागच्या फळीला
कालच प्लास्टिकची जाड पट्टी चिकटवली.
भोकं पडतील ती पट्टीला.
ड्रिलला चिकटपट्टीचा वेढा, पाऊण इंचावर:
इथवर, पुढे नाही.
स्क्रू घालण्याआधी प्रत्येक भोकात सीलंट,
इतकं, की बोटं दिवसभर एकमेकांना सोडत नाहीत.

साबणाच्या वडीएवढा ट्रान्सड्यूसर
तळाच्या किंचित खाली, पाण्याला समांतर,
पंख्यापासून हातभर दूर.
बुडबुड्यांत तो आंधळा होतो.
तांबडी वायर फ्यूजमधून बॅटरीला.
रेडिओच्या वायरशी त्याचं पटत नाही,
दोघींना दोन कडांनी नेलं.
उरलेली केबल कापायची नसते, गुंडाळून ठेवायची.
सबंध दुपारीत सासऱ्यांना पटलं ते एवढंच.
‘दोर कधी कापू नये,’ ते म्हणाले.

त्यांना यंत्र लागत नव्हतं.
चर्चचा कळस टेकडीच्या खोबणीत,
डावीकडे हिस्कॉकच्या लाल शेडची कड
बेटामागून नुकती उघडणारी,
की टाकायचा नांगर.
मग चर्च विकलं गेलं,
कळस ट्रकवर आडवा पडून गेला.
शेवटचा हिस्कॉक अल्बर्टाला गेला, त्याच हिवाळ्यात शेड बसली.
माझा नवराही तिकडेच, वीस दिवस काम, आठ दिवस घर;
या आठात तो झोपतो.
समुद्र जागच्या जागी आहे.
किनारा हलला.

बटण दाबलं.
आधी दिसल्या त्या दुसऱ्याच कुणाच्या खुणा:
‘लोरेटा’. ‘खडक’. ‘खडक’. ‘पुन्हा नको’.
एकीला नावच नाही, नुसती तारीख,
आणि तिच्याभोवती बारा ठिपके,
कुणी तिथे परत परत येऊन थांबल्यासारखे.
बरण्या घेताना त्या बाईनं
माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ते आत्ता आठवलं.
यंत्र विचारतं: सर्व पुसायचं? हो. नाही.
सासरे चष्मा वर करून बघतात.
‘असू दे. खडक कुणालाही लागतो.’

शनिवारी पाण्यात. वारा नाही.
पडद्यावर तळ उमटला, जाड, तपकिरी,
भाकरीच्या करपल्या कडेसारखा.
एकशे चव्वेचाळीस फूट.
ते फुटात बोलत नाहीत, म्हणून माप बदललं:
चोवीस वाव.

ते काहीच म्हणाले नाहीत.
बाकाखालून शिशाचा ओळंबा काढला,
बुडाला चरबी लावली, सोडला.
मग दोर वर ओढत, हात फाकून मोजू लागले, मोठ्यानं.
दोन वर्षांमागच्या झटक्यानंतर
डावा हात खांद्यापाशी अडतो.
त्यांच्या मापात पाणी आता नेहमीच जरा जास्त खोल.

‘पंचवीस,’ ते म्हणाले, ‘तुझं यंत्र चुकतंय.’
आणि चरबीला चिकटलेली वाळू, शिंपल्याचा चुरा
अंगठ्यानं माझ्यापुढे धरला.
हे काही पडदा दाखवत नव्हता.
‘हो,’ मी म्हटलं. ‘चुकतंय खरं.’

तेवढ्यात तळालगत एक कमान उठली,
तिच्यामागे दुसरी, जाडसर.
मी खूण दाबली. नाव द्या, यंत्र म्हणालं, दहा अक्षरांत.
‘काय घालू?’
ते गळाला आमिष लावत होते, मान खाली.
‘माणशी पाचच धरायचे आहेत,’ ते म्हणाले,
‘आधी एक तर येऊ दे.’