एकत्र देऊ नये

महापेची रात्रपाळी सुटली की
सव्वासातला मी दिवाळ्यात पोचतो.
तोवर दमयंती टोपली घेऊन गेलेली असते.
पायरीवर तिची ओली पावलं,
ओट्यावर झाकलेला चहा,
आणि मागच्या चिंचोळ्या बोळात,
आमची भिंत आणि शेजारची चार मजली बिल्डिंग यांच्या मधे,
मासळीच्या क्रेटमध्ये बसलेली तांबडी.

आधी तिने कवच नसलेलं अंडं घातलं.
नुसती कातडी, आत पिवळं हलतंय.
दमयंतीने ते तळहातावर घेतलं
आणि मला ड्युटीवर फोन केला,
बावीस वर्षांत दुसऱ्यांदा.
पहिला कशासाठी होता ते इथे सांगत नाही.

बेलापूरच्या दवाखान्यात कुत्री होती,
कापडी झोळीत एक पांढरं मांजर,
आणि आमची पिशवी, आतून घरघरणारी.
पेशंटचं नाव? काउंटरवरच्या मुलीने विचारलं.
कोंबडी, मी म्हणालो.
ते दिसतंय. नाव?
मग कार्डावर आडनावासकट आलं:
तांबडी नाखवा. मादी. वय अंदाजे दोन.
वजन आम्ही घरूनच करून नेलं होतं,
ज्या काट्यावर बोंबील तोलतात त्यावर.
एक किलो तीनशे.

डॉक्टर सलढाणा हसल्या नाहीत.
छातीला हे औषध, म्हणाल्या, कवचाला हे कॅल्शियम.
पण एकत्र देऊ नका.
पोटात गाठ पडली की एकमेकांना धरून बसतात,
मग दोघांचाही उपयोग नाही.
एक सकाळी, एक संध्याकाळी.
आणि अंडं घातलंच तर खायचं नाही,
मी सांगेपर्यंत.

सकाळ माझी.
युनिफॉर्म न काढता उकिडवा बसतो,
पंख दाबून तिला टॉवेलात गुंडाळतो,
चोचीच्या कडेला बिनसुईची सिरिंज,
एकेक थेंब. घाई केली तर श्वासात जाईल.
ती एका डोळ्याने बघते.
रात्रभर मी सोळा कॅमेऱ्यांत रिकामे जिने बघतो,
एकाही जिन्याने कधी असं बघितलं नाही.

संध्याकाळ दमयंतीची.
तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये.
कॅल्शियम ती पेजेत कालवते म्हणे,
मी पाहिलेलं नाही.
मधे भिंतीवरचं कॅलेंडर आहे.
चौकोनात मी लिहितो: दिलं.
त्याखाली ती: दिलं. थुंकली. परत दिलं.

मग चौकोन पुरेनासे झाले.
शी हिरवी.
पाणी प्यायली, दोन घोट.
बारकीने टोचलं, वेगळी ठेवलीय.
जेठूबाय म्हणते गोल्या कला, तिसऱ्यांच्या शिंपल्या कुट.
कुटल्या. भाजून. डब्यात आहेत.
आणि गुरुवारच्या चौकोनात, एकादशीच्या अंगावर:
अजून खात नाही. डबा तसाच परत.
हे तांबडीचं की माझं,
मला बराच वेळ कळेना.
शेवटी खाली लिहिलं: आज खाईन.

आज आलो तर क्रेट रिकामा.
बॅग खांद्यावरच होती.
बोळात खाली बघितलं, पाइपामागे बघितलं,
शेवग्याच्या बुंध्याशी माती उकरलेली नाही ना
तेही बघून घेतलं.

तांबडी जुन्या जाळ्याच्या ढिगावर उभी होती.
शिंपल्यांच्या डब्याचं झाकण उडवलेलं,
टक, टक, टक,
मी कोण आहे याची तिला काही पडलेली नव्हती.

फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी, एक अंडं.
कवच खरखरीत, मीठ लागल्यासारखं,
एका टोकाला किंचित चेपलेलं.
त्यावर पेन्सिलीने, जपून, फार न दाबता:
तांबडीचं. खायचं नाही. बघ फक्त.

दाराशी नेऊन उन्हासमोर धरलं.
आत सावलीसारखं काहीतरी हललं, थांबलं.
मग तीच पेन्सिल शोधली,
तिच्याहून हलक्या हाताने
खाली लिहिलं, बघितलं,
आणि लिंबांशेजारी ठेवून दिलं.