चार मिलिमीटर

तार्तूच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
फेव्रोनियाच्या कोपरातून काढलेला तुकडा,
मसुराच्या दाण्याएवढा.
उर्वे तो मेणात बसवते, कापते,
जांभळा-गुलाबी रंगवते
आणि काचेखाली सरकवते.

फेव्रोनिया बाहेर बाकावर.
डोक्याला रुमाल, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या.
पैप्सी सरोवराच्या काठी तिचे कांद्याचे वाफे.
चौसष्ट वर्षांत किती पापुद्रे सोलले
त्याची मोजदाद नाही.
आता कोपरं, गुडघे, कानामागची जागा
आपणहून सोलत निघाली आहे.
सकाळी उशीवर चांदीचा कोंडा.
"कांद्यानं सूड उगवला," मोडक्या एस्टोनियनमध्ये
ती म्हणाली होती. हसली नव्हती.

काचेखाली गर्दी.
जी पेशी तळातून वर यायला महिना घ्यायची,
हळूहळू चपटी होत, हळूहळू मरत,
ती चार दिवसांत येऊन थडकते,
केंद्रक अजून पोटात,
कच्च्या विटेसारखी.

घाई कुणी केली?
उर्वेला उत्तर पाठ आहे, तरी ती विचारते.
असेल एखादा ओरखडा. कांद्याच्या पेटीचा खिळा.
फुटलेल्या पेशीतून सांडलेला एक धागा,
घरचाच,
पण अंधारात परका वाटला.
पहारेकऱ्यानं तेवीस नंबरची चिठ्ठी सोडली.
ती वाचून दुसऱ्यानं सतराची.
सतरा कातडीच्या दाराशी पोचली.
कातडी गप्प बसती तर तिथंच मिटलं असतं.
कातडी बोलली.
या म्हणाली, लवकर या,
आणि जे आले त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या लिहिल्या.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात,
पण त्या म्हणीत आग तरी आहे.
इथे नुसते बंब,
आणि त्यांच्याच घंटांनी तापलेली भिंत.

उर्वे दार उघडून हे सांगायला जाते.
एवढे शब्द तिच्या रशियनमध्ये नाहीत.
ती म्हणते, "तुमचीच माणसं. चुकून."
फेव्रोनिया बराच वेळ बाहीचं बटण फिरवते.
"माझा भाऊ पलीकडच्या घरात राहतो," ती म्हणते,
"एकोणीस वर्षं.
कशावरून, ते त्यालाही आठवत नसेल."
मग विचारते, पुढची बस किती वाजता.

महिन्यातून एकदा सुई.
चिठ्ठी दारात पोचण्याआधीच
वाटेत पकडणारी.

जूनमध्ये ती वाफ्यात उकिडवी बसते,
बाह्या कोपरावर दुमडून.
जिथे लाल होतं तिथे फिकट डाग,
पुसलेल्या पाटीसारखे.
खाली, त्याच जागी,
काही पहारेकरी राहिलेत.
झोपलेले नाहीत. बसलेत.
हे उर्वेला माहीत आहे.
फेव्रोनियाला कुणी सांगितलेलं नाही,
तरी पेटी उचलताना ती
खिळ्याची बाजू आधी
बोटानं चाचपते.