जवस

गिरडच्या बाजारातून पावशेर जवस आणून
गंजात उकळायला टाकली,
तर माय म्हणते, "चटणी करतं का वं?"
"केसाले लावतो."
"हे बाप्पा! जवसाची ढेप चारली का
आमच्या बैलाचं आंग चमके."

पाणी तार धरतं. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून
पिळून घेते. हाताला शेंबडासारखं.

शाळेत मला सुगरणीचा खोपा म्हणत.
मायला पाहायला आले तेव्हा
तिच्या आत्यानं दोन पळ्या तेल ओतून
कुरळे दाबले होते, तेव्हापासूनची तिची वेणी
सुंभासारखी.

मी कंगवा घेत नाही. ओली बट
मुठीत दाबते, सोडते,
ती वळून आपल्या जागी जाते.

दिवस बुडताना वेचणीवरून आली माय.
पाय धुतले. चहा तसाच ठेवून
माझ्याकडे पाठ करून बसली,
रिबीन सोडली.
आत पऱ्हाटीचं वाळकं पान, एक सरकी,
आणि कापूस.
पांढरा केस कोणता, कापूस कोणता,
दोनदा चुकले मी.
"उपटू नको," म्हणाली. मग जरा थांबून,
"उरलं का वं गंजात?
लाव. पन बैलावानी चमकले पायजे."